काचेच्या पेटीतली वाम

(द्वितीय वर्ष, कला)

'हौसेला मोल नाही' अशी आपल्याकडे म्हण आहे. मला ती अर्धीच खरी वाटते. हौसेला मोल असते, फक्त ते पुष्कळदा हौस करणाऱ्याला सोडून दुसऱ्यालाच मोजावे लागते. पिंजऱ्यातल्या पोपटाच्या हौसेचे मोल पोपट मोजतो आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीचे मोल मासा मोजतो. या अंकात माझे मित्र बेकारी, परीक्षापद्धती, शेतीमालाचे भाव अशा भारदस्त विषयांवर लिहितील. मी एका माशावर लिहिणार आहे. मासा लहान आहे हे मान्य. पण त्याच्या निमित्ताने मनात येणारा प्रश्न मला लहान वाटत नाही, म्हणून हा प्रपंच.

गेली दोन वर्षे मी दर रविवारी एका दुकानदारातर्फे लोकांच्या घरच्या माशांच्या टाक्या साफ करायला जातो. फीचे आणि मेसचे पैसे बरेचसे त्यातून सुटतात. त्यामुळे या शहरातल्या पंचवीस-तीस टाक्या मी आतून-बाहेरून ओळखतो. त्यांपैकी थोड्या टाक्यांत अजून गोल्डफिश आणि गप्पी आहेत. पण हौशी मंडळींत सध्या चलती आहे ती सिक्लिडची. दुकानात कोणी त्याला 'चिकलिड' म्हणतो, कोणी 'सिचलिड'. उच्चार काहीही करा, मासा देखणा आहे यात वाद नाही. अलीकडे या सिक्लिडच्या जोडीला एक लांबोडका मासा सोडण्याची टूम निघाली आहे. त्याचे दुकानी नाव 'स्पायनी ईल'. अंगावर तांबडे पट्टे असले तर ती 'फायर ईल', शेपटीकडे डोळ्यांसारखे ठिपके असले तर 'पिकॉक ईल', आणि मोटारीच्या चाकाच्या ठशासारखी नक्षी असली तर 'टायर ट्रॅक ईल'. हे तिसरे बिरूद ज्या माशाला चिकटवले आहे, त्याला आमच्याकडे भीमेच्या काठी फार जुने आणि साधे नाव आहे. ते म्हणजे वाम.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना भांडायची तयारी करून पुढे वाचता येईल. सिक्लिडच्या चार फुटी टाकीत वाम ठेवू नये. ठेवायचीच असेल तर टाकी वामेसाठी करावी, पाहणाऱ्यासाठी नव्हे. आणि हे दोन्ही ज्याला जमणार नाही त्याने या माशाच्या वाटेला जाऊ नये.

आता वाम म्हणजे काय ते थोडे सांगितले पाहिजे. ईल असे नाव असले तरी ती खरी ईल नव्हे. खरी ईल म्हणजे कोकणातली अहीर. ती नदीत वाढते आणि अंडी घालायला समुद्रात जाते. वाम नदीतच जन्मते आणि नदीतच मरते. शास्त्रज्ञांनी तिला मास्टासेम्बेलस आर्मेटस असे नाव दिले आहे. लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८०० साली तिचे वर्णन केले. आर्मेटस म्हणजे सशस्त्र. हे नाव मी ग्रंथालयात वाचले तेव्हा मला हसू आले, कारण ती सशस्त्र असल्याचा अनुभव आमच्या घरी सगळ्यांच्या हाताला आहे. पाठीवर तीस-चाळीस सुटे काटे ओळीने असतात. एरवी ते आडवे पडलेले असतात, पण कोणी पकडले की उभे राहतात. जाळ्यातून वाम सोडवताना ज्याने घाई केली त्याच्या तळहाताला त्या रात्री झोप नसते. तिला पोटाकडचे पर नसतात. तोंडाचा शेंडा मऊ, सोंडेसारखा पुढे आलेला असतो. त्याने ती वाळूत हुंगत हुंगत किडे, अळ्या, गांडुळे शोधते. दिवसभर ती वाळूत किंवा दगडांच्या कपारीत अंग लपवून नुसता शेंडा बाहेर ठेवून पडून राहते. दिवस मावळला की तिचा दिवस उगवतो. पूर्ण वाढीची वाम दोन-अडीच फूट सहज होते. तीन फुटांपर्यंतही जाते.

सिक्लिडचा स्वभाव नेमका उलटा. हे कूळ मोठे आहे. आफ्रिकेतल्या मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या सरोवरांत त्याच्या शेकडो जाती आहेत. निळे, पिवळे, नारिंगी असे त्यांचे रंग पाहून डोळे निवतात. हा मासा दिवसा जागा असतो, आपली हद्द ठरवतो आणि त्या हद्दीत आलेल्याला हाकलून लावतो. गावच्या बांधावरून भांडणारे शेतकरी ज्यांनी पाहिले आहेत त्यांना सिक्लिडचे वागणे समजावून सांगायला नको. मलावीतल्या बऱ्याचशा जातींची मादी अंडी तोंडात धरून ठेवते आणि पिले पोहण्याजोगी होईपर्यंत अन्न वर्ज्य करते. आईपणाचा इतका कडक उपास माणसांतही क्वचितच दिसेल. थोडक्यात, सिक्लिड हा दिसणारा मासा आहे आणि वाम हा लपणारा मासा आहे. एकाला उजेड हवा, दुसऱ्याला अंधार. या दोघांना एका पेटीत कोंबण्यातच भांडणाचे मूळ आहे.

कोणी म्हणेल, हे काव्य झाले, प्रत्यक्ष त्रास काय होतो ते सांगा. तेही सांगतो.

पहिला त्रास जागेचा. दुकानात वाम मिळते ती वीतभर. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत साधारण अडीचशे लिटर पाणी मावते, आणि वीतभर वामेला ते महासागरासारखे वाटत असेल. पण मासा वाढतो, टाकी वाढत नाही. अडीच फुटांची झालेली वाम दीड फूट रुंदीच्या टाकीत सरळ अंगाने वळूसुद्धा शकत नाही.

दुसरा त्रास तळाचा. सिक्लिडच्या टाकीत शोभेसाठी खडे घालतात. निळे, गुलाबी, काही तर धारदार. वाम स्वभावाने तळात घुसणार. बारीक वाळू नसेल तर ती खड्यांवर तोंड आणि अंग घासते, कातडीला जखमा होतात आणि त्या जखमा चिघळतात. घरात शिरायला दार नाही म्हणून भिंतीवर डोके आपटणाऱ्या माणसासारखी तिची गत होते.

तिसरा त्रास पोटाचा, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त वामा यानेच गेल्या आहेत. टाकीचा धनी संध्याकाळी घरी आला की दिवा लावून दाणे टाकतो. सिक्लिड क्षणात ते फस्त करतात. वाम तेव्हा वाळूत असते. दिवा विझल्यावर ती बाहेर येते तेव्हा ताट पुसलेले असते. शिवाय कोरडे दाणे पुष्कळशा वामा खातच नाहीत. त्यांना गांडूळ किंवा अळ्या लागतात. अशी वाम लगेच मरत नाही. ती आठवडेच्या आठवडे बारीक होत जाते. डोक्यामागचा भाग खपाटीला जातो, पाठ धारेसारखी होते. आणि लांब माशाचे बारीक होणे पटकन ध्यानात येत नाही, कारण तो मुळातच बारीक दिसतो.

चौथा त्रास पळून जाण्याचा. झाकणाला नळीपुरती फट असली तरी वामेला पुरते. रात्री ती त्या फटीतून बाहेर पडते आणि सकाळी केर काढताना सोफ्याखाली वाळलेली सापडते. लोक म्हणतात, 'मासा वेडा होता.' मी म्हणतो, ज्याने फट ठेवली त्याने आपला शहाणपणा तपासावा.

आणि हे सारे एकतर्फी नाही. सिक्लिड लहान वामेचे पर कुरतडतात, तशी मोठी झालेली वाम रात्री सिक्लिडची पिले वेचून खाते. ज्याने महिनोन्‌महिने वाट पाहून पैदास केली त्याची पिले एका आठवड्यात नाहीशी होतात. मग दोष कोणाला द्यायचा? दोघेही आपापल्या स्वभावाने वागले. स्वभाव विसरला तो फक्त टाकी मांडणारा.

एका घरी असाच प्रसंग झाला. गृहस्थ भले आहेत, मला नेहमी चहा देतात. त्यांनी तक्रार केली, "अरे, एवढे पैसे देऊन मासा आणला आणि दिसतच नाही! पैसे पाण्यात गेले." मी त्यांना म्हणालो, "काका, तो दिसत नाही म्हणजे बरा आहे. दिवसाढवळ्या काचेशी वर-खाली करायला लागला तर काळजी करा." त्यांना ते पटले नाही. त्यांचेही बरोबर होते. त्यांनी पाहण्यासाठी पैसे मोजले होते. पण सारा घोळ त्या एका शब्दात आहे. पाहण्यासाठी! लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आपल्या मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले; तेथेही लोक पाहायलाच जात. पण तेथे माशांची निगा राखायला माणसे नेमलेली होती. घरी ती नेमणूक आपण स्वतःची करतो आणि दुसऱ्या महिन्यात विसरतो.

आता विरोधी पक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे. माझ्या ओळखीचे एक अभ्यासू हौशी गृहस्थ आहेत. ते म्हणतात, 'टांगानिका सरोवरात वामेच्या कुळातले डझनावर जातींचे मासे सिक्लिडच्या शेजारीच राहतात. निसर्गाने जी जोडी लावली ती आम्ही लावली तर बिघडले कुठे?' मुद्दा वजनदार आहे आणि खराही आहे. पण टांगानिका सरोवर सुमारे साडेसहाशे किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त खोलीला १,४७० मीटरच्या आसपास आहे. तेथे भांडण झाले तर हरलेल्याला पळायला वाव आहे. चार फुटांत हरलेला पळून जाणार कोठे? शिवाय टांगानिकातल्या जाती वेगळ्या, आणि आपल्या दुकानांत येतात त्या आशियातल्या. टांगानिकाचे पाणी जड आणि क्षारयुक्त, त्याचा सामू नऊच्या आसपास. फायर ईल येते ती थायलंड, कंबोडिया, इंडोनेशिया या भागांतल्या नद्यांतून. तिला मऊ पाणी मानवते. आपली वाम या बाबतीत सोशीक आहे हे मी कबूल करतो. पण सोसणे आणि सुखाने राहणे यांत फरक आहे. तो फरक गरिबाघरच्या मुलांना कोणी शिकवावा लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो माझ्या वर्गमित्रांनीच घेतला. 'तुझे वडील उजनीच्या फुगवट्यावर मासे धरतात. तुम्ही वाम खाता, विकता. आणि तू आम्हाला भूतदया शिकवतोस?' प्रश्न रास्त आहे. होय, आम्ही वाम खातो. बाजारात चिलापीपेक्षा तिला भाव जास्त येतो, म्हणून बहुतेकदा विकतोच. हा आक्षेप मी सुट्टीत वडिलांना सांगितला. वडील चौथीपर्यंत शिकले आहेत. जाळे विणता विणता ते म्हणाले, "आरं, खायची तर एका घावात खायची. पाळायची तर तिच्या बेतानं पाळायची. ह्यो मधला परकार कुटला?" तत्त्वज्ञानाच्या तासाला मी साधन आणि साध्य यांवर पुष्कळ टिपणे काढली आहेत, पण या वाक्याइतके स्वच्छ उत्तर मला त्यांत सापडले नाही. मारणे आणि जगवणे या दोन्हींना नियम आहेत. मरूही द्यायचे नाही आणि जगूही द्यायचे नाही, हा जो मधला प्रकार आहे त्याला माझा विरोध आहे.

याला एक आर्थिक बाजूही आहे. दुकानातले बहुतेक सिक्लिड टाक्यांत आणि तळ्यांत पैदा केलेले असतात. चेन्नईजवळचे कोळत्तूर तर शोभेच्या माशांच्या पैदाशीसाठीच प्रसिद्ध आहे. पिढ्यान्‌पिढ्या काचेत वाढलेल्या माशाला काच नवी नसते. वामेचे तसे नाही. तिची पैदास टाकीत सहज होत नाही, त्यामुळे विक्रीला येणाऱ्या बहुतेक वामा नदी-ओढ्यांतून धरून आणलेल्या असतात. म्हणजे टाकीतली एक वाम उपाशी मेली की तिची जागा भरायला नदीतून दुसरी येते. मागणी तसा पुरवठा हे सूत्र आपण अर्थशास्त्रात पाठ करतो. या ठिकाणी मागणी आपल्या दिवाणखान्यात आहे आणि पुरवठा नदीच्या पोटातून आहे.

या नदीबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. मासा टाकीत मावेनासा झाला की आपले सज्जन लोक काय करतात? 'नदीत सोडून देऊ, तेवढेच पुण्य!' असे म्हणून पिशवी घेऊन पुलावर जातात. वाचकहो, हे पुण्य नव्हे. सिक्लिडच्याच कुळातला तिलापिया १९५२ साली आपल्या देशात आणला गेला. हेतू चांगला होता, गरिबाला स्वस्त मासा मिळावा. पण तोही तोंडात अंडी सांभाळणारा, हद्दीसाठी झगडणारा, कोठेही तग धरणारा. आज त्या कुळाचे मासे देशभरच्या तलावांत आणि धरणांत पसरले आहेत. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्यात आज जाळे टाकले की आधी चिलापी येते, आणि चिलापी म्हणजे हाच तिलापिया. भिगवणच्या बाजारात तिच्यावर कितीतरी घरे चालतात, आमचेही चालते. म्हणून मी तिला नावे ठेवणार नाही. पण एकदा पाण्यात सोडलेला परका मासा परत बोलावता येत नाही, एवढा धडा तिच्यापासून घ्यायला हरकत नसावी. टाकीची काच साफ करतो म्हणून लोक घेतात तो सकर मासाही आता उजनीच्या जाळ्यांत सापडतो. तो खायच्या कामाचा नाही, आणि त्याच्या खरखरीत काट्यांनी जाळी मात्र फाटतात. ज्याने तो पहिल्यांदा सोडला त्याला पुण्य लागले असेल. जाळ्याचा खर्च मात्र मच्छीमाराला लागला.

एका अर्थी उजनीत वाम आणि सिक्लिड कधीच एकत्र आले आहेत. ते आपणच मांडलेले एक प्रचंड मत्स्यालय आहे. वडिलांच्या पिढीचे मच्छीमार सांगतात की पूर्वीइतक्या वामा आता गळाला लागत नाहीत. त्याला एकटी चिलापी कारण आहे असे मी म्हणणार नाही. शहरांचे सांडपाणी आहे, वाळूचा उपसा आहे. वाळू हे तर वामेचे घर. ते घर आपण नदीतून उपसून आपली घरे बांधायला नेले आणि त्याच घरांत काचेची पेटी मांडून वामेला रंगीत खडे दिले. याहून मोठी थट्टा कोणती?

नुसती टीका करून थांबणे हा दुबळेपणा होईल, म्हणून काय करावे तेही सांगतो. ज्याला वाम पाळायचीच आहे त्याने प्रथम लहान राहणारी जात निवडावी. वामेच्या कुळात वीतभरच वाढणाऱ्या जाती आपल्याच देशात आहेत. मोठी वाम हवी तर सहा फुटांहून मोठ्या आणि चांगल्या रुंद टाकीची तयारी ठेवावी. तळाला चार बोटे बारीक, धुतलेली वाळू घालावी. लपायला पीव्हीसीच्या पाइपचा तुकडा किंवा दगडांची कपार द्यावी. त्याला दहा-वीस रुपयांवर खर्च नाही. झाकणाच्या सर्व फटी बुजवाव्यात. दिवा विझवल्यानंतर गांडूळ किंवा अळ्या द्याव्यात आणि पोट भरले की नाही ते मंद उजेडात पाहावे. सोबती म्हणून भांडखोर सिक्लिड न ठेवता शांत, तिच्या तोंडात न मावणारे मासे ठेवावेत. आणि मासा नकोसा झाला तर दुकानदाराला परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा, नदीत सोडू नये. दुकानदारांनीही वीतभर वाम विकताना ती किती वाढेल एवढे एक वाक्य बोलावे. त्याने गिऱ्हाईक एखादे कमी होईल, पण उरलेली गिऱ्हाइके टिकतील. मी स्वतः टाक्या साफ करायला जातो तेथे हे सांगत असतो. काही लोक ऐकतात. दोन घरांनी खडे काढून वाळू घातली; त्या घरांतल्या वामा आज धडधाकट आहेत, आणि अर्थातच दिवसा दिसत नाहीत.

माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे गावाकडे गेलो की लोक विचारतात, शिकून काय मिळाले? या प्रश्नाला मोठे उत्तर माझ्यापाशी अजून नाही. पण जी गोष्ट आपल्याला रोज दिसते तिचे दुसरे नावही आपल्याला कळते, आणि मग तिच्याकडे पाहण्याची जबाबदारी वाढते, एवढे मला कळले आहे. वाम ही माझ्या वडिलांच्या दृष्टीने भाकरी आहे, दुकानदाराच्या दृष्टीने माल आहे, शास्त्रज्ञाच्या दृष्टीने मास्टासेम्बेलस आर्मेटस आहे. तिच्या स्वतःच्या दृष्टीने ती कोण आहे हे आपल्याला कळणार नाही. पण तिला वाळू हवी, अंधार हवा आणि रात्रीचा घास हवा, एवढे तर कळते! तेवढे कळूनही न देणारा माणूस अडाणी म्हणता येत नाही, आणि म्हणूनच त्याला माफी देणे मला अवघड जाते.

जो आपल्याला दिसत नाही त्याचीही आठवण ठेवून रात्री दिवा विझवल्यावर त्याच्यासाठी घास टाकायला जो उठतो, त्याने खुशाल वाम पाळावी. बाकीच्यांनी सिक्लिड पाळावेत. ते दिवसभर दिसतात आणि फार सुंदर दिसतात.